सन्माननीय ‘टॉप टेन’ निवड मंडळास, मुलुंडहून सप्रेम

महोदय,

मी मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. पाऊस लागेपर्यंत पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर सायकल मारतो. जूनमध्ये खड्डे पाण्याखाली गेले की सायकल हॉलमध्ये येते, दिवाण आणि टीव्हीच्या मधे. यंदा घरातच सायकल मारता येईल असा ट्रेनर घ्यायचा ठरवला आणि तुमच्या ‘टॉप टेन’ याद्यांना शरण आलो.

आधी कौतुक. तुमच्या दहांत ढ विद्यार्थी एकही नाही. एक ‘नवख्यांसाठी सर्वोत्तम’, दुसरा ‘शर्यतवाल्यांसाठी’, तिसरा ‘जागा कमी असणाऱ्यांसाठी’. जागा कमी म्हणजे किती हो? फोटोत ट्रेनरमागे जे गॅरेज दिसतं, त्यात आमचं वन बीएचके ओट्यासकट मावेल.

तुमच्यातले काही जण खरंच मोजमाप करतात, हे मान्य. क्रँकवरच्या पॉवर मीटरशी वॉटचे आकडे ताडतात, एक टक्का चूक की दोन, यावर पानं भरतात. आवाजही मोजतात, पण मोजणारा यंत्राच्याच खोलीत. आमच्याकडे आवाज मोजण्याचं उपकरण पहिल्या मजल्यावर बसतं, दुपारी दीड ते चार झोपतं आणि काकू म्हणून ओळखलं जातं. टायरवर रोलर घासणारा व्हील-ऑन ट्रेनर हवेत घोंघावतो. मागचं चाक काढून साखळी थेट यंत्राच्या कॅसेटवर चढवायची तो डायरेक्ट ड्राइव्ह तुलनेने शांत. पण त्याचीही थरथर पायांतून स्लॅबमध्ये उतरते. मित्राचा उसना आणून पाहिला. तो चालू असताना मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता, काकूंना त्यांच्या फडताळातली भांडी.

घामाबद्दल तुम्ही ‘टॉवेल ठेवा’ म्हणता. जुलैत आमच्याकडे टॉवेलच वाळत नाही. हँडलवरून ठिबकणारं खारं पाणी सायकलच्या हेडसेटच्या बोल्टवर आठवड्यात तांबूस कड धरतं. त्याला तुमच्या तक्त्यात रकाना नाही. वीस टक्के चढाची नक्कल करणाऱ्या यंत्राला मात्र पूर्ण गुण! खरा चढ ठाण्यातल्या येऊरला आहे, मुलुंडचा चेकनाका ओलांडला की फार लांब नाही आणि फुकट. म्हणूनच बहुधा तो यादीत नाही. त्याच्या खाली ‘येथे खरेदी करा’ असं बटण लावता येत नाही.

त्या बटणावर दलाली मिळते, हे तुम्ही बारीक अक्षरांत कबूल करता. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट सांगा, असा दंडक जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सर मंडळींना २०२१ साली घालून दिला. तेव्हा तुमचा प्रामाणिकपणा वादातीत, फक्त चष्मा लागतो.

माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या, वाणसामान मिळून घेणाऱ्या संघात होती. १९७५ची ही संस्था, पार्ल्यात तिचं ग्राहक भवन. आमच्या संघात डाळीचा आग्रह धरणाऱ्या बाईंच्या घरी महिनाभर तीच डाळ शिजायची. खडे निघाले तर पहिला त्यांच्याच दाताखाली यायचा. तुमच्या यादीतला सातवा ट्रेनर कुणाच्या घरी शिजतो?

तरी एकदा तो घेऊन या. लिफ्ट बंद असते, यंत्र वीसेक किलोचं, दोघांनी धरा. दुपारी दोनची वेळ ठेवू.

आपला,
एक घामाघूम ग्राहक

ता. क. काकूंना मी कळवलेलं नाही.