सोप्या पावाचे शिरस्तेदार

सरकारी मनुष्य सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याच्या अंगातील अधिकार त्याच सायंकाळी, शाल-श्रीफळाच्या बदल्यात, सरकारजमा होतो अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, ती निखालस चुकीची आहे. खुर्ची जाते, शिक्का जातो, दाराशी पेंगणारा पट्टेवाला जातो. परंतु दुसऱ्याच्या कामातील त्रुटी हुडकून तिच्यावर शेरा मारण्याची जी वृत्ती आयुष्यभराच्या नोकरीत हाडीमांसी खिळलेली असते, ती निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांबरोबर सादर करता येत नाही. तिला कोठेतरी रुजू व्हावेच लागते. कित्येकांची ही वृत्ती पहाटेच्या टेकडीवर रुजू होते, कित्येकांची गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीवर, काहींची वर्तमानपत्रांतील वाचकांच्या पत्रव्यवहारात. आणि अलीकडे मध्यमवर्गात असा एक नवा संप्रदाय उदयास आला आहे की, ज्याची ती थेट स्वयंपाकघरात, मैद्याच्या डब्यापाशी येऊन ठाण मांडते. हा संप्रदाय घरी पाव भाजतो. त्यातली जी सर्वांत कडवी शाखा आहे, ती यीस्टला शिवतदेखील नाही.

या शाखेचा प्रतिनिधी कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत कोणत्याही सोसायटीत हटकून आढळतो. सोयीसाठी त्याला आपण भाऊसाहेब म्हणू. भाऊसाहेब पूर्वाश्रमी कोषागारात असतात, महसुलात असतात, क्वचित पाटबंधारे खात्याच्या हिशेब शाखेत असतात. कोठेही असले तरी चहाचा कप विसळण्यापलीकडे स्वयंपाकघराशी त्यांचा दफ्तरी संबंध आलेला नसतो. मग एके दिवशी परदेशस्थ कन्या सुटीवर येताना बापासाठी एक इलेक्ट्रॉनिक तराजू घेऊन येते, जाताना घरात एक ओटीजी बसवून जाते आणि विमानात बसण्यापूर्वी 'बाबा, यीस्ट नको, काही नको, अगदी सोपा आहे' असे सांगून चीज घातलेल्या तिखटमिठाच्या पावाची कृती वडिलांच्या स्वाधीन करते. त्या क्षणापासून 'अगदी सोपा आहे हो!' हे भाऊसाहेबांचे ब्रीदवाक्य होते, आणि त्या घरातील सोपेपणा कायमचा संपुष्टात येतो.

यीस्टविषयी भाऊसाहेबांच्या मनात जो आकस आहे, तो तत्त्वाचा आहे. जी वस्तू जिवंत आहे, जिला कोमट पाण्यात बसवून साखर चारावी लागते, आणि एवढे लाड पुरवूनही जी उन्हाळ्यात तासाभरात तर थंडीत तीन तासांत आपल्या मर्जीने काम उरकते, तिला ते हंगामी नोकराच्या वर्गात टाकतात. याउलट बेकिंग पावडर कायम सेवेतली. तिच्यात सोडा आणि आम्ल हे दोन्ही पक्ष मक्याच्या पिठाची भिंत मध्ये घालून कोरड्या अवस्थेत शेजारी शेजारी बसविलेले असतात. ओलावा मिळताच त्यांचा वाद जुंपतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, काही आम्ल उष्णता लागेपर्यंत दबा धरून बसते आणि भट्टीत दुसऱ्यांदा उसळते, आणि या दोन उसळ्यांत पाव फुगतो. डबा जुना झाला असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. फसफसली तर सेवेत ठेवावी, न फसफसल्यास बडतर्फ करावी. 'अशी चाचणी आमच्या खात्यात असती तर,' असे म्हणून भाऊसाहेब सूचक मौन धरतात, आणि आतून वहिनींचा आवाज येतो, 'तर पेन्शन मिळाली असती का?'

भाऊसाहेबांकडे पाव खायला जाणे याचा अर्थ आधी पावाचा इतिहास ऐकणे, असा शिरस्ता आहे. ओव्हन तापत असतो, पाहुणा भुकेला असतो, आणि भाऊसाहेब पोर्तुगिजांपासून प्रारंभ करतात. गोव्यात पाव त्यांनी आणला. तेथील पोदेर म्हणजे पाववाले पीठ आंबविण्यासाठी माडाची सूर वापरीत. आजही पोदेर सायकलच्या मागे टोपली बांधून, भोंगा वाजवीत घरोघर फिरतो, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पोदेराविषयी कौतुक आणि सुरेविषयी दाखवावयाची म्हणून दाखविलेली नापसंती असते. मग ते मुंबईस येतात. मराठी व्याकरणाचा पाया घालणारे दादोबा पांडुरंग ज्या परमहंस सभेचे एक संस्थापक, ती 1849 साली निघाली. तिच्यात प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन आपण जातिभेद मानीत नसल्याची साक्ष पटवावी लागे, आणि हे सारे गुप्तपणे चाले. मुंबईहून स्वारी पुण्यास येते: 1890 साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर जातिबहिष्काराचे ग्रामण्य गुदरले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा खल पुढे कितीतरी दिवस चालला. 'पाहा,' भाऊसाहेब तर्जनी उभारून म्हणतात, 'ज्या पुण्यात एका पेल्यापायी एवढं झालं, तिथे मी आज सोवळ्याच्या कपाटाखाली ओव्हन मांडलाय. ही क्रांती नव्हे तर काय?'

'क्रांती झाली की ओटा पुसून घ्या,' वहिनी म्हणतात.

इतिहासाचे शेवटचे प्रकरण विलायतेत घडते आणि ते भाऊसाहेबांचे विशेष आवडते आहे. बर्मिंगहॅम शहरी आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे आणि अंडेही चालत नसे. त्या सद्‌गृहस्थाने अंड्यावाचून कस्टर्ड सिद्ध केले आणि 1843 साली यीस्टवाचून पाव फुगविणारी बेकिंग पावडर तयार केली. पत्नीच्या प्रकृतीसाठी केवढा हा खटाटोप, असे म्हणून भाऊसाहेब गहिवरतात. वहिनी त्या वेळी चीज किसत असतात. किसणीवरचा हात न थांबविता त्या एवढेच विचारतात, 'किसून कोण द्यायचं हो त्याला?'

या प्रश्नात भाऊसाहेबांच्या सोपेपणाचे सारे अर्थशास्त्र सामावले आहे. पाव सोपा असतो तो भाऊसाहेबांना. कारण चीज किसणे, कोथिंबीर निवडून धुऊन कोरडी करणे, मिरच्या बारीक चिरणे, डब्याला आतून लोणी लावणे आणि शेवटी दोन पातेली, चाळणी, किसणी, पळी व मापाच्या चमच्यांचा जुडगा घासणे ही सर्व कामे 'पूर्वतयारी व संकीर्ण' या सदरात पडतात आणि ते सदर वहिनींच्या नावे असते. स्वतःकडे त्यांनी फक्त अंमलबजावणी ठेवलेली असते. त्यासाठी एक स्वतंत्र वही आहे. तिच्यात दिनांक, मैदा 250 ग्रॅम, बेकिंग पावडर तीन चहाचे चमचे, सोडा पाव चमचा, किसलेले चीज 100 ग्रॅम, दही अर्धी वाटी, दूध अर्धी वाटी, तेल पाव वाटी, हवामान, आणि अखेरच्या रकान्यात शेरा अशी नोंद असते. मिठाच्या रकान्यात 'बेताने. चीज मूळचेच खारट' अशी कायमची टीप लाल शाईने दिलेली आहे. मैदा वाटीने मोजणाऱ्या मनुष्याबद्दल भाऊसाहेबांना तोच संशय येतो, जो पावतीशिवाय प्रवासभत्ता मागणाऱ्याबद्दल पूर्वी येत असे.

एकदा कोरडे पदार्थ चाळून झाले, मूठभर पीठ चिजाच्या किसाला चोळून तो तळाशी बसणार नाही अशी तजवीज झाली, ओवा आणि मिरपूड पडली, की मग जो प्रसंग येतो तो प्रत्यक्ष पाहण्यासारखा असतो. दह्यादुधाचे मिश्रण मैद्यात ओतताक्षणी आम्ल आणि सोडा आपापले काम सुरू करतात. वायू सुटू लागतो, आणि तो कोणाची वाट पाहत नाही. ज्या भाऊसाहेबांच्या मेजावर शेतकऱ्यांचे अर्ज दोन-दोन पावसाळे काढीत, ज्यांच्या 'यथावकाश कळविण्यात येईल' या एका वाक्यावर तालुक्यातील कित्येक वारसनोंदी तिष्ठत राहिल्या, तेच भाऊसाहेब हातात पळी घेऊन, चष्मा कपाळावर सारून, 'अगं, भांडं आण! आत्ता! वायू चाललाय!' असा टाहो फोडतात. पळी जेमतेम दहा-बारा वेळा फिरते. पिठात गुठळ्या राहतात. त्या राहू द्यावयाच्या असतात, कारण अधिक घोटले की मैद्यातला चिकटा जागा होतो आणि पाव चिवट येतो. पुरणपोळीची कणीक तिंबण्यात ज्यांची हयात गेली, त्या वहिनींना त्या गुठळ्या पाहवत नाहीत. त्यांचा हात नकळत पातेल्याकडे जातो आणि भाऊसाहेब तो वरच्यावर अडवितात. संसारात कामाला हात लावू नये म्हणून नवऱ्याने बायकोचा हात धरल्याचा हा एकमेव प्रसंग असावा.

यानंतर 180 अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे भाऊसाहेब ओव्हनच्या काचेसमोर खुर्ची टाकून बसतात. प्रथम लोण्याचा, मग ओव्याचा, आणि सरतेशेवटी कडेला वितळून करपू घातलेल्या चिजाचा असा वास क्रमाक्रमाने जिन्यातून खाली उतरतो आणि तळमजल्यावरच्या मुलांचा अभ्यास उधळतो. मधोमध खुपसलेली सळई कोरडी निघाली की पाव बाहेर येतो. परंतु त्यास हात लावण्याची परवानगी आणखी पंधरा मिनिटे नसते, कारण गरम पाव कापल्यास आतला गर सुरीला चिकटतो. पंधरा मिनिटांनी सुरी चालते. वरचे कवच खरबरीत, डोंगराच्या कड्यासारखे फाटलेले आणि सोनेरी. त्याखाली गर ओलसर, मऊ. मध्येच एखादी चिजाची पिवळी शीर, तिच्याशेजारी कोथिंबिरीचा हिरवा ठिपका, आणि जिभेवर आधी खारट, मागाहून दह्याची पुसट आंबटाई आणि अगदी शेवटी मिरचीची टोचणी. पाव उत्तम असतो. हे कबूल केले नाही तर तो अन्याय होईल. आणि कबूल केले तर भाऊसाहेब वही पुढे करून शेऱ्याच्या रकान्यात ते आपल्या सहीने लिहून घेतात.

पहिले काही महिने सोसायटीनेही ते बिनतक्रार लिहून दिले. परंतु आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करण्याची वहिवाट नाही. पावाचे चार तुकडे गेले की बदल्यात कधी चिवडा, कधी थालीपीठ, कधी आळूवड्या येत. आणि दर रविवारी पाव येऊ लागल्यावर ही परतफेड बिऱ्हाडांना जड होऊ लागली. कोणाकडून काय आले याची खतावणी भाऊसाहेब ठेवतात, ही वार्ता फुटल्यावर तर तिसऱ्या मजल्यावरच्यांनी रविवारी सकाळी सिंहगडास जाण्याचा नेम धरला.

तथापि भाऊसाहेबांच्या साम्राज्यावर खरा घाव पडला तो घरातूनच. एका संध्याकाळी ते निवृत्तांच्या सभेस गेले असता वीज गेली, आणि नातवंडांना भूक लागली. वहिनींनी मुठीच्या अंदाजाने मैदा आणि कणीक घेतली, ताक ओतले, सोडा चिमटीने टाकला, शिल्लक चीज कुसकरून घातले, आणि जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरून, त्यावर डबा ठेवून, झाकण लावून मंद आचेवर ती सोडून दिली. वरून रंग येईना म्हणून पाव तव्यावर उलटा टाकून खरपूस केला. कोकणात त्यांची आजी काकडीचे धोंडस करताना पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवीत असे. त्या घरात ना तराजू होता ना अंश दाखविणारा काटा, आणि आजीने बर्मिंगहॅमचे नावही ऐकले नव्हते. भाऊसाहेब परतले तेव्हा पावाचा फक्त एक कडेचा तुकडा शिल्लक होता.

त्यांनी तो चष्मा लावून तपासला. वास घेतला. दाबून सोडला, तो पूर्ववत झाला. चव घेतल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. अखेर 'कार्यपद्धतीत अनियमितता आहे,' एवढा अभिप्राय देऊन ते वही घेऊन बाल्कनीत जाऊन बसले. त्यांचे दुःख पावाचे नव्हतेच. पाव खरोखरच सोपा आहे, हे आजवर ते सर्वांना सांगत आले होते, पण ते खरे निघेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. जे काम कोणासही जमते, त्याला वही लागत नाही; ज्याला वही लागत नाही, त्याला अधिकारी लागत नाही; आणि अधिकारी नसलेल्या कामात भाऊसाहेबांनी करावे तरी काय?

यावर त्यांनी तोडगा काढला आहे. सांप्रत त्यांच्या ओट्यावर काचेची एक बरणी असून तीत मैदा आणि पाणी कालवून घरचे खमीर धरण्याचा उपक्रम चालू आहे. त्यातले अर्धे रोज काढून टाकावे लागते, उरलेल्यास नवे पीठ आणि पाणी द्यावे लागते, बरणीला बांधलेल्या रबराच्या खुणेपासून ते किती चढले याची सकाळ-संध्याकाळ नोंद करावी लागते, आणि इतके करूनही ते धरेल याची शाश्वती नसते. हंगामी नोकराविषयी भाऊसाहेबांनी जी मते पूर्वी मांडली होती, ती रद्दबातल समजावीत. नवी वही जाड पुठ्ठ्याची आहे. पाव केव्हा खायला मिळणार, असे परवा मी जिन्यात विचारले, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर कित्येक महिन्यांनी ते जुने, कचेरीतले समाधान उमटले.

'ते आत्ताच कसं सांगता येईल?' भाऊसाहेब म्हणाले. 'प्रकरण वर आलं की कळवू.'