ताशी 710 मीटर

जून 2022मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एकपदरी 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. हिशेब केला तर वेग निघतो ताशी जेमतेम 710 मीटर. वऱ्हाडातल्या रस्त्यावर इतकं सावकाश त्यानंतर कोणी गेलेलं नाही.

अमरावतीतलं साईनगर घ्या की अकोल्यातलं जठारपेठ, पोरं गल्लीतून बुंगाट सुटतात. 2018च्या केंद्रीय अधिसूचनेने पालिका हद्दीत मोटारीला ताशी 70 अन् दुचाकीला 60 किलोमीटरची कमाल मुभा दिलेलीच होती! मग रहिवासीच विटा-सिमेंटचा उंचवटा घालतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच. गल्लीतला मात्र रुंदीची कसर उंचीत काढतो.

त्यावर ऑटोतल्या आजीची कंबर मोडते. दुचाकीवाला नालीकडच्या वीतभर फटीतून, ब्रेकला पायही न लावता, निघून जातो.