भर दुपारचा मास्तर

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला आपल्याकडचं ज्ञान वाया चाललंय असं वाटू लागतं. मलाही वाटलं. म्हणून मी गल्लीतल्या पोरांना सुट्टीत गणित शिकवायचं जाहीर केलं, तेही फुकट. पालक भारावून जातील अशी माझी कल्पना होती. एका माउलीने फक्त एवढंच विचारलं, "किती वाजेपर्यंत ठेवता त्याईले?"

वर्गात मी पोरांना थेलिसची गोष्ट सांगितली. सुमारे 2600 वर्षांपूर्वी या ग्रीक गृहस्थाने इजिप्तमधल्या पिरॅमिडवर न चढता, नुसत्या सावलीवरून त्याची उंची काढली, असं सांगतात. आपल्याकडे पिरॅमिड नाही, पण नांदुऱ्याच्या हायवेवर मारुतीचा भलामोठा पुतळा आहे. तोच मोजायचा! मी घोषणा केली.

"सर, तो तं एकशे पाच फूट हाय," मागून आवाज आला. "अख्ख्या नांदुऱ्याले मालूम हाय. मोजाचं काहून?"

या प्रश्नाला शिक्षणशास्त्रात काय उत्तर असतं ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी "शिस्त!" असं ओरडलो.

वेळ ठरवताना मात्र मी डोकं चालवलं. सावली हवी, म्हणजे ऊन हवं. ऊन जितकं कडक तितकी सावली ठळक. म्हणजे भर दुपार! मे महिन्याचा शेवटचा आठवडा चालू होता आणि वऱ्हाडातलं ऊन काय असतं हे वऱ्हाडी माणसाला सांगायची गरज नाही. "तुमचं डोकं फिरलं का?" असं बायकोने विचारलं. मोठ्या शास्त्रज्ञांच्या बायकाही असंच विचारत असतील, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

टेप, मीटरभराची काठी, वही आणि दुपट्टे बांधलेली पोरं अशी आमची मोहीम मारुतीपाशी पोचली. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी काठी जमिनीवर ताठ उभी केली आणि म्हणालो, "आता हिची सावली मोजा."

पोरं काठीभोवती फिरली. एक पुढून वाकला, एक मागून. मग सगळ्यांच्या वतीने धाकटा बोलला, "सर, सावली तं नाहीच!"

खरंच नव्हती. मारुतीचीही जी काय होती ती त्याच्या चौथऱ्यावरच गोळा झाली होती. हातात टेप धरून मी मोजण्यासारखं काही सापडतंय का ते पाहत होतो.

"सर, आज शून्य सावली असंन," आठवीतली एक मुलगी म्हणाली आणि तिने सगळं उलगडून सांगितलं. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, नांदुरा साधारण पावणेएकवीसवर. म्हणून सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या शेवटी आणि परतताना जुलैत. आणि घड्याळातल्या बाराला आपल्याकडची खरी माध्यान्ह नसतेच. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य माथ्यावर यायला वीसेक मिनिटं उशीर. म्हणजे अख्ख्या वर्षात सावली मोजायला सर्वांत निरुपयोगी जी वेळ असते, ती मी विचारपूर्वक निवडली होती.

माझ्यातला मास्तर मात्र मेला नव्हता. "शाब्बास! हेच दाखवायला तुम्हाला इथे आणलं होतं," मी म्हणालो.

"मंग टेप काहून आणला?" धाकट्याने विचारलं.

मी सगळ्यांना उसाचा रस पाजला. तो विषय तेवढ्यापुरता मिटला.

पुढच्या मोहिमेला आम्ही सकाळी गेलो. सावली होती, भरपूर होती, पण मारुतीच्या डोक्याची सावली नेमकी एका उभ्या ट्रकवर चढलेली. ट्रक हलेपर्यंत थांबलो, मोजलं, त्रैराशिक मांडलं, तर मारुती वीसेक फुटांनी खुजा निघाला. "सर, मारुती खाली बसला काय?" इति धाकटा. मी सावली चौथऱ्याच्या कडेपासून मोजली होती, ती मूर्तीच्या मध्यापासून मोजायला हवी, हे त्या आठवीतल्या मुलीने सांगितलं. तिच्याकडून मी फी घेत नव्हतो हे एक बरं होतं. नाहीतर तिने परत मागितली असती.

एका पोराच्या वहीत मात्र उत्तर बरोबर एकशे पाच. मी हरखून रीत विचारली. "उत्तर मालूम व्हतं, तं सावली तेवढी लिवली," तो म्हणाला. तीस वर्षं ताळेबंद जुळवण्यात काढलेल्या माणसाला ही रीत नवी नव्हती. मी त्याला काही बोललो नाही.

यानंतर वर्गात माझा दरारा कसा राहिला असेल! पीकपाण्याचं भाकीत सांगणारी भेंडवळची घटमांडणी ही अंधश्रद्धा आहे असं मी एकदा सुनावलं, तेव्हा उत्तर आलं, "सर, भेंडवळवाले दुसऱ्या दिवशी पहाटे सांगून मोकळे तरी होतात. तुमचा मारुती अजून मोजून व्हायचा हाय." अक्षय्य तृतीयेला मांडलेला घट आणि माझी त्रैराशिकं एका तराजूत बसली. त्यात पारडं कुणाचं वर गेलं ते विचारू नका.

नांदुऱ्यावरून पोराबाळांसह जाणार असाल आणि मे महिना असेल, तर मारुतीपाशी सकाळी नऊच्या सुमारास थांबा. त्या वेळी इथे आपली सावली आपल्या उंचीएवढी पडते, त्रैराशिकही लागत नाही. थेलिसही म्हणे त्याच घटकेची वाट पाहत थांबला होता. फक्त टेप पोरांच्या हातात द्या आणि तुम्ही रसाच्या गाडीकडे बघा.