छत्रीची बदली

बदल्यांचं दुःख जबलपूरला नवं नाही. १९५६ साली राजधानी इथेच येणार म्हणून शहर नटून बसलं होतं. राजधानी गेली भोपाळला, आमच्या पदरात हायकोर्ट पडलं. वरच्यांनी जागा बदलली की आपण निमूट मान वळवायची, हे तेव्हापासून अंगवळणी पडलंय.

२००७ साली बदलीचा हुकूम थेट आभाळातून आला. दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा ९५ अंश पूर्वेच्या एनएसएस-६ वरून ९३.५ अंशांवरच्या इन्सॅट-४बी वर गेली. जेमतेम दीड अंश! एवढ्याला तर टीए-डीएसुद्धा मंजूर होत नाही. पण जबलपूरच्या गच्चीवर त्या दीडाचे जवळजवळ तीन होतात, आणि छत्री तेवढी दक्षिणेकडे सरकवावी लागते.

जहाजावरची छत्री पांढऱ्या घुमटात बसून, खाली जहाज कितीही डुललं तरी, जायरोच्या इशाऱ्यावर आपली आपण वळते. उपग्रह बदलला तर अधिकारी पडद्यावर नवा निवडून चहाला जातो. आमचं घर इंचभर हलत नाही, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी अख्खं कुटुंब डेकवर.

मी गच्चीवर पाना घेऊन, बायको जिन्यात, चिरंजीव टीव्हीसमोर.

"आलं?"

"नाही!"

"आता?"

"आलं होतं, गेलं!"

उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. तिथून सिग्नल सेकंदाच्या आठव्या भागात पोचतो. दिवाणखान्यातलं 'आलं' जिन्यामार्गे गच्चीवर यायला पाच सेकंद घेतं. तोवर मी छत्री पुढे ढकललेली असते.

शेवटी शेजारचे सुभेदारसाहेब होकायंत्र घेऊन आले. सिग्नल्समधून निवृत्त. गाव मदुराई, पण तीस वर्षं जबलपुरात काढल्यामुळे 'बड्डे' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. "बड्डे, पाना छोडो, पहले उत्तर देखो." होकायंत्राने उत्तर दिशा दाखवली ती आमच्या लोखंडी पाइपात. अर्ध्या तासाने चित्र आलं, पण नट आवळला की जायचं. मग मी छत्री धरून उभा राहिलो आणि खाली सगळ्यांनी, सुभेदारांसकट, बातम्या बघितल्या.

जुलै २०१० मध्ये त्याच इन्सॅट-४बीची वीज बिघडली, निम्मे ट्रान्सपॉन्डर बंद पडले. सुभेदारांच्या तमिळ वाहिन्या ९१.५ अंशांवरच्या मलेशियन उपग्रहावर गेल्या. संध्याकाळी पलीकडच्या गच्चीवरून हाक आली, "आया क्या?"

मी पाना घेऊन गेलो. बातम्यांची वेळ मात्र आधी बघून ठेवली होती.