बाजार होऊन येतो

जबलपुरात लग्नाच्या पत्रिकेवर संध्याकाळी 7 लिहिलेलं असलं, तर 7 वाजता मांडवात तिघे असतात: कनाती बांधणारा, एक कुत्रं आणि मी. मी मुळात आळशी माणूस. पण पुष्कळ वर्षांपूर्वी घड्याळ पुढे गेल्यामुळे एका साखरपुड्याला चुकून वेळेवर पोचलो आणि समोरचे वकीलसाहेब चारचौघांत म्हणाले, "देखिए, मराठी आदमी! सात मतलब सात." झालं! त्या दिवसापासून माझा आळस गेला तो गेलाच. आता मला सतरंज्या अंथरता येतात, दिव्यांच्या माळा सोडवता येतात. एका लग्नात तर वधूपित्यानं मला आचाऱ्याचा माणूस समजून विचारलं, "पनीर आ गया?" मी पाहुणा आहे म्हणून सांगायचं, ते सोडून मी मागे जाऊन बघून आलो. आलं होतं.

आमचे आजोबा वऱ्हाडातून इथे गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला आले. आजी पहिल्यांदा स्टेशनवर उतरली, तेव्हा एक टांगेवाला दुसऱ्याला ओरडला, "काय बड्डे!" आजीला वाटलं, गावच मराठी आहे. इथल्या बोलीत 'बड्डे' म्हणजे मोठा भाऊ आणि 'काय' म्हणजे 'का', हे तिला महिन्याभरानं उमगलं. तोवर ती भाजीवाल्याशी बिनधास्त मराठीत घासाघीस करत होती आणि तो प्रत्येक वाक्याला "हओ" म्हणत होता. भाजी स्वस्त मिळायची म्हणे.

नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथून 1817 साली उठला, पण मराठी माणसाबद्दलची मतं काही उठली नाहीत. मराठी माणूस वेळेचा पक्का, हिशेबाला चोख आणि वरणात गूळ घालणारा. आता आमच्या वऱ्हाडी घरात वरणाला गुळाचा स्पर्श कधी झाला नव्हता. पण शेजारणी वाट्या घेऊन "वो मीठी वाली दाल" चाखायला यायला लागल्या, तेव्हा आईनं मुकाट्यानं गूळ घातला. पुढे आम्हालाही तेच वरण आवडायला लागलं. आता कोणी विचारलं तर आम्ही सांगतो, आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात.

हिशेबाचं म्हणाल, तर मला बेरीज येत नाही. तरी कॉलनीच्या गणपतीचा खजिनदार मीच. दरवर्षी दोन-तीनशे रुपयांचा घोळ होतो, मी तो खिशातून भरतो, ताळेबंद पैशापैशानं जुळतो आणि माझी कीर्ती वाढते.

पुण्याला आत्याकडे गेलो की मात्र मी वेगळाच माणूस असतो. तिथे आम्ही 'तिकडचे'. एकदा सवयीनं म्हणून गेलो, "आत्या, मी जरा बाजार होऊन येतो." आतेभाऊ पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "बाजार होऊ नकोस रे, माणूस राहूनच ये." सोबत नेलेल्या खव्याच्या जलेबीचा तो काळाभोर रंग बघून आत्यानं आधी "करपली का रे?" म्हणून विचारलं आणि मग शब्दही सुधारला: "जिलबी म्हण." यावर मी ओशाळायला हवं होतं. पण आत्याच पुढे म्हणाली, "काही म्हणा, तिकडची माणसं दिलदार हो." त्या संध्याकाळी आठ जणांच्या जेवणाचं बिल मी भरलं. पुण्यात मी अर्धा तास उशिरा पोचतो, मोठ्यानं हसतो, आणि जबलपुरात कधी तोंडातून न निघणारं "हओ" तिथे दर दोन वाक्यांमागे म्हणतो. त्यांना तेवढंच बरं वाटतं.

मुलगी समाजशास्त्र शिकते. ती म्हणाली, "बाबा, तुमची केस कूली नावाच्या अमेरिकन माणसानं 1902 मध्येच लिहून ठेवलीय. लोक आपल्याला कसे बघत असतील असं आपल्याला वाटतं, त्या आरशात आपण स्वतःला बघतो." मी जरा सावरून बसलो आणि विचारलं, "माझ्याबद्दल त्याचं मत बरं होतं का?"

पण मी तरी काय करणार? माझं अख्खं गाव असंच आहे. विनोबा एकदा जबलपूरला 'संस्कारधानी' म्हणाले. त्यांनी म्हणून टाकलं आणि गावानं ते पाटीवर लावलं. आता भर चौकात दोन स्कूटरवाले एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत असले, तरी तिसरा कुणी येऊन म्हणतो, "अरे, संस्कारधानी में रहते हो!" आणि दोघेही आवाज खाली आणून शिव्या देतात.

सगळ्यात लाज वाटते ती 22 मे 1997 च्या पहाटेची. भूकंप झाला. त्यात माणसं गेली, घरं पडली. मदनमहालाजवळची ती एका टोकावर तोललेली शिळा तेवढी हलली नाही. आमच्या जिन्याचा कठडा थरथरत होता. मी अर्धा जिना उतरलो आणि लक्षात आलं, बनियन बगलेत फाटलंय आणि खाली वकीलसाहेब सहकुटुंब उभे असणार. मी परत वर गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला. गुंडीही लावली. खाली आलो तर वकीलसाहेब टॉवेलवर होते. मला बघून म्हणाले, "वाह! मराठी आदमी!"

गेल्या महिन्यात त्यांच्याच धाकट्या मुलीचं लग्न झालं. पत्रिकेवर 7. या वेळी मी ठरवलं, सगळ्यांसारखं नऊला जायचं. साडेसहालाच तयार होऊन खुर्चीत बसलो आणि खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. सात दहाला फोन आला. वकीलसाहेबांच्या आवाजात खरी काळजी होती: "भाईसाहब, तबियत तो ठीक है? लड़के को स्कूटर लेके भेजूँ?"

सात वीसला मी मांडवात होतो. पनीर आलं नव्हतं.