स्पेशल इंग्लिश

बी.ए.ला इंग्लिश स्पेशल घेणाऱ्या पोराबद्दल आमच्याकडं दोन समजुती आहेत. एक, हा आता फाडफाड इंग्लिश बोलणार. दोन, बोलायला लागला की पुण्यात नोकरीला लागणार. दोन्ही खोट्या, हे टीवायच्या पोरांना पक्कं ठाऊक असतं. पण एफवायच्या पोरांना ती हे सांगत नाहीत, कारण पोरं कमी पडली तर स्पेशलच बंद व्हायचा.

मी इंग्लिश घेतल्याचं आण्णांनी पारावर जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे बापू द्राक्षबागेच्या औषधाची बाटली घेऊन दारात हजर. "वाच रं. एका पंपाला किती टाकायचं?" वर्गात तेव्हा आयॅम्बिक पेंटामीटर चालू होतं, म्हणजे एका ओळीत पाच आघात. त्या लेबलात आघात भरपूर होते, प्रमाण काही सापडेना. बापूंनी बाटली फिरवली, मागं मराठीत छापलेलं प्रमाण स्वतःच वाचलं आणि "शिक, शिक" म्हणत निघून गेले.

"इंग्लिश शिकून पुढं काय?" हा आण्णांचा कायमचा प्रश्न. मी एकदा ठेवणीतलं उत्तर काढलं : मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक, विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक, नेमाडेही इंग्रजीच शिकवायचे. आण्णांनी पेपर खाली केला. "मग त्यांनी मराठीत का लिहिलं?" या प्रश्नावर कुणीतरी पीएच.डी. करावी. मी केली नाही.

अभ्यासाचा खरा पाया म्हणजे कॉलेजच्या दारातलं झेरॉक्सचं दुकान. तिथं मॅकबेथ सव्वीस पानांत मिळायचा. त्याच्यात दोष एकच, महत्त्वाकांक्षा. त्याचे सहा पॉइंट, पॉइंटामागं दोन अवतरणं. सर मात्र गाईड दिसलं की खवळायचे. एकदा त्यांनी सगळ्यांची गाईडं टेबलावर गोळा केली आणि विचारलं, "राजाला मारला कुठं?" पुस्तक उघडायची वेळ आली. राजा मॅकबेथच्याच घरी पाहुणा म्हणून उतरलेला, जेवून झोपलेला. गाईडात ही गोष्ट चौथ्या पॉइंटच्या कंसात होती. घरी आजीला सांगितली, तर तिला महत्त्वाकांक्षेचं काहीच वाटलं नाही. "जेवलेल्या पाव्हण्याला मारला?" एवढं बोलून ती उठलीच. लेडी मॅकबेथ पुढं झोपेत चालत हात धुते, हे तिला सांगायची गरज पडली नाही. तिनं शिक्षा आधीच ठरवली होती, आणि ती शेक्सपिअरपेक्षा कडक होती.

मग आली समीक्षा. इथं 1817 या सालानं फार छळलं. त्या वर्षी कोलरिजचं 'बायोग्राफिया लिटरारिया' निघालं, जुलैत जेन ऑस्टिन वारली आणि डिसेंबरात कीट्सनं भावांना पत्र लिहून 'निगेटिव्ह केपेबिलिटी' ही भानगड काढली. इतिहासाच्या पेपरात तेच साल म्हणजे 5 नोव्हेंबरची खडकीची लढाई. पर्वतीवरून बाजीराव आपली फौज मागं हटताना बघतोय आणि तिकडं बावीस वर्षांचा पोरगा कवितेचं कोडं सोडवतोय, हे एकदा डोक्यात शिरलं की दोन्ही विषय वेगळे राहत नाहीत. माझ्या एका मित्राचे तर अजिबात राहिले नाहीत. त्यानं कोलरिजला खडकीला लढायला पाठवलं.

कीट्सचं म्हणणं असं की, शंका आणि अनिश्चितता यांच्यात माणसाला खुलाशासाठी तडफड न करता राहता आलं पाहिजे. शेक्सपिअरला ते भरपूर जमायचं. वर्गात हे कुणालाच कळलं नाही. मला संध्याकाळी एसटी स्टँडवर कळलं. चौकशीच्या खिडकीत एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गाडी कधी लागंल?" आतून आवाज आला, "लागंल." म्हातारा समाधानानं बाकावर जाऊन बसला. गाडी किती वाजता, कुठल्या फलाटाला, आज की उद्या, काही नाही. कीट्स आमच्या स्टँडवर आला असता तर त्याला पत्र लिहायची गरज उरली नसती.

अशा अभ्यासानं माझं बोलणं सुधारलं नाही. कान मात्र तिखट झाला. ग्रामसभेत अहवाल वाचला जायचा : गटार दुरुस्त करण्यात आले, दिवे बसवण्यात आले. पूर्वी मी माना हलवायचो. आता वाटायला लागलं, या गोष्टीचा निवेदक कोण आहे आणि तो कुणाला लपवतोय? हाच प्रश्न मी सभेत उभा राहून विचारला. सरपंच आण्णांना म्हणाले, "पोराला बीएस्सीला घालायचं होतं."

पण खरी मजा आली ती 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ला. आई भाकरी थापत होती, मी चुलीपाशी बसून मराठीत सांगत होतो. लग्नाच्या पाच पोरी आणि इस्टेट मुलींना मिळायची नाही, जायची एका लांबच्या भावकीतल्या पुरुषाला, एवढं ऐकलं आणि आईनं तवा खाली उतरवला. मुलाचं उत्पन्न तिनं आधी विचारलं. बिंगलीचं वर्षाला चार-पाच हजार पौंड, डार्सीचं दहा हजार. "आणि भावंडं किती?" मिसेस बेनेटला आमचे सर हास्यपात्र म्हणायचे, गाईडही तेच म्हणायचं. आईला ती मुळीच हास्यपात्र वाटली नाही. "पाच पोरींची आई हाय ती. हसायचं त्याला, जो खोलीत पुस्तकं वाचत बसतो आणि बायकोची चेष्टा करतो." सोप्यातला पेपर फडफडायचा थांबला.

एलिझाबेथनं डार्सीला पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा आई खूश झाली. पण तिचा जीव अडकला शार्लटपाशी. सत्तावीस वर्षांची, देखणी नाही, जवळ पैसा नाही. एलिझाबेथनं नाकारलेल्या त्या बडबड्या कॉलिन्सशी ही लग्न करते. गाईडात तिला एक ओळ होती : व्यवहारी. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिनं नवरा बघितला नाही. आपलं म्हणायला एक घर बघितलं. तो दिवसभर बागंत राहील अशी सोय केली की झालं." मी चमकलो. कॉलिन्सनं बागेत जास्तीत जास्त वेळ घालवावा म्हणून शार्लट त्याला उत्तेजन देते, हे कादंबरीत पुढं येतं. ते मी अजून सांगितलंच नव्हतं.

चाचणीत शार्लटवरच प्रश्न आला. आईचं म्हणणं मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये उतरवून दिलं. पेपर परत आला तेव्हा समासात लाल शाईनं लिहिलं होतं, 'हे कुठल्या क्रिटिकचं मत?' मी सांगितलं. सर म्हणाले, "मग खाली तळटीप द्यायची."

तुमच्या घरात कुणी यंदा स्पेशल इंग्लिश घेत असेल तर घेऊ द्या. गाईडाचे पैसे मागितले तर देऊ नका. स्वयंपाक चालू असताना कादंबरी मोठ्यानं सांगायला लावा. आणि त्याच्या प्रश्नपत्रिकेत शार्लट आली, तर आमच्या आईचं मत खुशाल वापरा. तळटीप मात्र द्या.