अध्यक्षांना लिनक्स पटवण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम

आधी मुहूर्त बघा. रत्नागिरीतल्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांकडे मार्च ते मे फिरकू नये. त्यांचा जीव हापूसच्या पेट्यांत अडकलेला असतो, आणि वाशीला भाव पडला असेल तर तुमचंही काही खरं नाही. जूनमध्ये लाइट नसते. गणपतीत घर मुंबईकरांनी भरलेलं असतं. राहता राहिले नवरात्र ते दिवाळीचे दिवस. तेवढ्यात काय ते उरकायचं.

बैठकीत 'फुकट' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. "फुकट कोण देतो रे? गोम काय ती सांग आधी," असं लगेच येतं. याचं खरं उत्तर तुमच्यापाशी आहे: 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा लिहून सगळ्यांसाठी खुला केला, आणि आज मोठमोठ्या कंपन्या आपल्याच गरजेपोटी पगारी माणसं ठेवून त्यात भर घालतात. पण हे सांगायला लागलात की फिनलंडपाशीच अध्यक्ष चष्मा पुसायला घेतात. त्यापेक्षा त्यांना शाळेच्या संगणक कक्षात न्या. विंडोज 10ला मिळणारी मोफत दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025ला थांबली आणि कक्षातली जुनी यंत्रं विंडोज 11च्या अटींत बसत नाहीत, एवढंच सांगा. मग विचारा, "हे सगळं भंगारात काढू या का?" चालती वस्तू टाकून देणं कोकणी माणसाच्या जिवावर येतं. याच यंत्रांवर लिनक्स चालेल म्हणा, पुढची पाच मिनिटं तुमची.

त्या पाच मिनिटांत उत्साहाच्या भरात खोतीची उपमा सुचेल. कसायचं आपण आणि दरसाल खंड भरायचा खोताला, तसंच हे वार्षिक परवान्याचं! डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, कायदा व्हायला 1949 उजाडलं, हेही तुम्हाला पाठ असेल. उपमा चोख आहे. पण समोरच्या सात संचालकांपैकी तिघांचे आजोबा खोत असू शकतात. गिळून टाका.

दाखले देताना केरळ शेवटी ठेवा. तिथल्या सरकारी शाळांनी सगळा संगणक-विषय लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर नेला, हा सगळ्यात भक्कम दाखला. पण "ते कम्युनिस्टांचं झालं" म्हणून कोणीतरी तो उडवतोच. केंद्र सरकारने 2015 साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं, यावर सगळे मान डोलावतील आणि चहा येईल. संरक्षण मंत्रालयाने 2023मध्ये उबंटू या लिनक्सच्याच अवतारावर बेतलेली 'माया' प्रणाली घेतली, हे ऐकून निवृत्त कॅप्टन असले तर ताठ बसतील. हुकमाचं पान मात्र संचालकांतले वकीलसाहेब. जिल्हा न्यायालयांचा खटल्यांचा कारभार ज्या प्रणालीवर चालतो ती एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुण्यातल्या चमूने मुक्त सॉफ्टवेअरवर उभारली आहे. "तुमच्या पुढच्या तारखा त्यातूनच पडतात, साहेब," म्हणा. तारखांबद्दल वकीलसाहेबांची काही तक्रार नसते.

एवढ्यात अध्यक्ष पुण्याच्या भाच्याला फोन लावतील. भाचा आयटीत असतो. स्पीकरवरून तो सांगतो, "मामा, चांगलं आहे, पण सपोर्टचं काय?" इथे नवशिके हमखास कोसळतात. संस्थेला सॉफ्टवेअर कुठलंही चालतं. बिघडल्यावर कोणाला बोलावून झापायचं, हा खरा प्रश्न असतो. जगभरचे स्वयंसेवक मदत करतात, हे उत्तर अजिबात देऊ नका. जगभरचे स्वयंसेवक मारुती मंदिरच्या नाक्यावरून रिक्षा करून येत नाहीत. स्वतःचं नाव सांगा, किंवा गावातला एखादा दुरुस्तीवाला आधीच गाठून, त्याचा वर्षाचा दर ठरवून या. पैसे मोजायचे आहेत म्हटल्यावर संचालकांचा विश्वास बसतो.

आता निर्णय खरोखर जिच्या हातात आहे तिच्याकडे चला: कार्यालयातल्या क्लार्कबाई. बाईंचे वीस वर्षांचे दाखले, ठराव, सूचना जुन्या मराठी फॉन्टांत आहेत. तो फॉन्ट नसला की पडद्यावर निव्वळ गिचमिड दिसते, कारण आत अक्षरं मराठी नाहीतच; इंग्रजी चिन्हांवर मराठी आकार चढवलेले आहेत. हा घोळ विंडोजवरही आहेच, पण तुम्ही हात लावलात की तो तुमचा. म्हणून आधी त्यांच्या चार महत्त्वाच्या फायली युनिकोडमध्ये करून द्या आणि त्या लिब्रे ऑफिसमध्ये उघडून दाखवा. बोटं रेमिंग्टनच्या कळपाटावर बसली असतील तर इन्स्क्रिप्ट कळपाटाचे फायदे सांगू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिब्रे ऑफिसचे धडे मराठीत आहेत, ते लावून द्या आणि गप्प बसा. शाळेची सरकारी माहिती, म्हणजे युडायस, ब्राउझरमध्ये भरायची असते, तिथे अडत नाही. टॅलीला विंडोज लागतं, तेव्हा खजिनदारांच्या यंत्राच्या वाटेला जाऊ नका.

आणि प्रिंटर! अध्यक्षांना भेटण्याआधी त्याला भेटा. कोपऱ्यात कॅननचा एलबीपी 2900 असला तर समजा, साडेसाती. तो लिनक्सवर चालतो, पण रुसून, मनधरणी करवून घेत. संपूर्ण स्वातंत्र्याचं तत्त्वज्ञान त्या न निघालेल्या बोनाफाइडपाशी संपतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून, काहीही न बसवता, आधी एक दाखला छापून बघा.

हे सगळं जमलं तर ठराव सर्वानुमते मंजूर होईल आणि इतिवृत्तात "पुण्याच्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार" असं येईल. म्हणजे भाचा. हरकत घेऊ नका. त्याचा मोबाइल नंबर तेवढा मागून घ्या आणि क्लार्कबाईंच्या टेबलाच्या काचेखाली सरकवून द्या, तुमच्या नंबरच्या वर.